अर्जात एक रकाना वाढवा

जयपुरात एप्रिल उजाडला की पोहण्याच्या तलावांवर रांगा लागतात. आमच्या जवाहर नगरातल्या एकेका सेक्टरमधून पहाटे सहाच्या आत टॉवेल गळ्यात टाकलेली मुलं आणि त्यांना स्कूटीवर बसवून निघालेले आईबाप दिसू लागतात. दहानंतरचं इथलं ऊन अंगावर घेण्यासारखं नसतं, त्यामुळे जे काय पोहायचं ते सकाळी, नाहीतर दिवे लागल्यावर. नाव घालायला गेलं की दोन फोटो, आधारची प्रत, डॉक्टरांचा दाखला. त्वचेचा काही आजार? फिट येते? दमा? टोपी सक्तीची, कारण केसांनी जाळ्या तुंबतात. चष्म्याचा नंबर किती, हे मात्र त्या अर्जात कुठेच विचारलेलं नसतं. मी जाते त्या तलावावर नाही, आणि ओळखीच्यांची मुलं जातात तिथेही नाही.

वर्गात शिरताना चष्मेवाली मुलं काय करतात ते एकदा काठावर बसून पाहा. चष्मा काढून आईच्या हातात देतात, दोन पावलं चाचपडत टाकतात आणि पाण्यात उतरतात. मायनस पाच नंबरच्या डोळ्याला वीस सेंटिमीटरच्या पलीकडचं काहीच स्पष्ट दिसत नाही. हे साधं गणित आहे, एकाला पाचाने भागा, उत्तर मीटरमध्ये येतं. मायनस दोनवाल्याला अर्धा मीटर मिळतो. काठावरून कोच साब हाताने खूण करतात, कोपर उचल, पाय सरळ ठेव. ती खूण चष्मेवाल्या मुलापर्यंत पोचत नाही. भिंतीवर रंगवलेले खोलीचे आकडे त्याला डाग दिसतात. मग मुलाला सूचना कळत नाहीत, मूल ढ आहे, मूल पाण्याला भितं, असे शेरे बसतात आणि दुसऱ्या आठवड्यात मूल यायचं बंद होतं. ‘उसको इंटरेस्ट नहीं है,’ असं आई सांगते. इंटरेस्ट कसा असेल? त्याला काही दिसतच नव्हतं.

मी हे अधिकाराने बोलते, कारण मी स्वतः चौथीपासून चष्मेवाली. वाईला कृष्णेच्या घाटावर पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकले. चष्मा आजीच्या पदराच्या गाठीत असायचा, आणि पाण्यातून मागे वळून पाहिलं की अख्खा ढोल्या गणपती म्हणजे एक धुरकट ढीग. आम्हाला शिकवणारा मामा फार शहाणा माणूस. त्याने मला खुणा कधी केल्याच नाहीत, तो सतत बोलत राहायचा. आवाजाच्या रोखाने मी काठ गाठायची. पण एका मामाला एक भाची होती. तलावावरच्या कोचच्या वाट्याला तीस-तीस मुलं येतात, त्याच्याकडून ही अपेक्षा कशी करणार?

मुळात पाण्यात डोळे उघडे ठेवले तर चांगली नजर असलेल्यालाही अंधुक दिसतं. आपल्या डोळ्याची प्रकाश वळवण्याची दोनतृतीयांश ताकद पुढच्या पारदर्शक पटलात असते, आणि ती ताकद पटलासमोर हवा असेल तरच चालते. पाणी आणि ते पटल यांच्या घडणीत प्रकाशाच्या दृष्टीने फारसा फरक नाही, त्यामुळे पाणी डोळ्याला टेकलं की ती ताकद जवळजवळ नाहीशी होते. गॉगल हवेचा एक पातळ थर डोळ्यासमोर अडकवून ठेवतो, एवढंच त्याचं खरं काम. हवा आली की नजर परत येते, आणि नजरेबरोबर नंबरही परत येतो. म्हणून मायनस पाचवाल्याला साधा गॉगल दिला तर पाणी डोळ्यात जाणार नाही, आग होणार नाही, पण भिंत दिसणार नाही ती नाहीच.

त्यावर उपाय आहे आणि तो महागडा नाही. नंबरचे तयार गॉगल मिळतात, साधारण मायनस दीड-दोनपासून आठपर्यंत, अर्ध्या-अर्ध्याच्या टप्प्याने. काही कंपन्यांचे दोन डोळ्यांचे भाग सुटे मिळतात, म्हणजे डावा तीन आणि उजवा साडेचार असेल तर तसं जोडून घेता येतं. सिलिंडर नंबर यात सहसा बसत नाही. तिथे डोळ्यांचे डॉक्टर साधा हिशेब करतात. सिलिंडरचा निम्मा आकडा मूळ नंबरात मिळवायचा. मायनस तीन आणि सिलिंडर मायनस एक असेल तर साडेतीनचा गॉगल. नंबर दोन टप्प्यांच्या मध्ये पडला तर खालचा घ्यावा. आपल्याला पुस्तक वाचायचं नाही, भिंत आणि माणूस ओळखता आला तरी काम झालं. फक्त मुलांना एक आधी सांगून ठेवा. गॉगलच्या सपाट काचेतून पाण्यातली वस्तू आहे त्याहून जवळ आणि मोठी दिसते, भिंत आली असं वाटून पहिले काही दिवस हात पाण्यातच पडतो.

आता बाजारात जाऊन मागून बघा. ‘पॉवरवाला? आंटीजी, वो तो ऑनलाइन मँगवाना पड़ेगा,’ हे उत्तर मी आमच्या भागातल्या बहुतेक दुकानांतून ऐकलेलं आहे. त्याच दुकानात आरशासारखे चकाकणारे निळे-जांभळे गॉगल मात्र भिंतभर टांगलेले. पोरं तेच मागतात, आईबाप तेच घेतात. हा आरसा भर दुपारच्या उघड्या पाण्यासाठी असतो हो! सकाळी साडेपाचच्या किंवा रात्री आठच्या तलावावर तो घालून मूल उतरलं की चांगल्या नजरेचं मूलही अंधारात पोहतं. आपण जातो ती वेळ आणि तिथला उजेड बघून काच निवडायची. छताखाली किंवा दिव्यांत बिनरंगी नाहीतर फिकट निळी, उघड्या आभाळाखाली आठनंतर धुरकट. घेताना पाकिटावरचं नाव वाचू नका, गॉगल चेहऱ्यावर लावून बघा. पट्टा डोक्यामागे न घेता नुसत्या वाट्या डोळ्यांच्या खोबणीवर हलक्या दाबायच्या आणि हात सोडायचा. क्षण दोन क्षण चिकटून राहिल्या तर तो आपला. लगेच पडला तर कितीही नामांकित असो, पाणी आत येणार. कुणाच्या नाकाचा पूल रुंद असतो, कुणाचा बसका. वेगवेगळ्या मापांचे सुटे नाकपूल पाकिटात असतात ते त्यासाठीच, पण आमच्याकडे ते पाकिटातच राहतात आणि गळणारा गॉगल पट्टा आवळून बंद केला जातो.

आवळण्याचं हे वेड मोठ्या माणसांत जास्त. पाण्यातून बाहेर आल्यावर तासभर घुबडासारखी वर्तुळं घेऊन फिरणारे गृहस्थ मी रोज बघते. त्यांना विनोद वाटतो, पण ज्यांना काचबिंदू आहे त्यांनी तो विनोद समजू नये. लहान वाट्यांचा घट्ट गॉगल घातला असताना डोळ्याच्या आतला दाब वाढू शकतो. त्यांनी मोठ्या, मऊ कडेचा गॉगल घ्यावा आणि आधी डॉक्टरांना विचारावं. मुलांच्या बाबतीत धोका वेगळा आहे. मस्करीत एकमेकांचे गॉगल पुढे ओढून सोडण्याचा खेळ चालतो. ताणलेल्या रबराने ती कडक वाटी थेट बुबुळावर आदळते आणि अशा मारामुळे डोळा कायमचा अधू झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. कोचने शिट्टी वाजवायची ती इथे.

कॉन्टॅक्ट लेन्स घालून पोहणाऱ्या कॉलेजातल्या मुलींनाही दोन शब्द. अकांथअमिबा नावाचा एक सूक्ष्म जीव नळाच्या, तलावाच्या, नदीच्या पाण्यात असतो. लेन्सच्या खाली त्याला आसरा मिळाला तर बुबुळाचा जो जंतुसंसर्ग होतो तो महिनोन् महिने हटत नाही, नजरही जाऊ शकते. ‘ऊपर से गॉगल है ना आंटी’ हे उत्तर चालणार नाही. गॉगल गळतो, काढावा लागतो, डोळे चोळले जातात.

लाल डोळ्यांचं खापर लोक क्लोरीन जास्त झाल्यावर फोडतात. बहुतेक वेळा उलटं असतं. क्लोरीन घामाशी आणि लघवीशी संयोग पावून जी संयुगं तयार होतात ती डोळ्यांना झोंबतात, तो नाकात बसणारा ‘तलावाचा वास’ त्यांचाच. पोहण्याआधी साबण लावून आंघोळ करणाऱ्यांची आमच्याकडची संख्या बघता याहून जास्त काही लिहीत नाही.

गॉगल ही चैन आहे असं मानणारी एक जुनी पिढी कोचांत अजून आहे. आम्ही कुठे घातले होते, असं ते म्हणतात, आणि ते खरं आहे. १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये मार्क स्पिट्झने सात सुवर्णपदकं उघड्या डोळ्यांनी मिळवली. स्पर्धेत गॉगल रूढ झाले ते त्यानंतर, सत्तरच्या दशकात. पण खुल्या पाण्यातल्या पोहणाऱ्यांना त्याची गरज फार आधी कळली होती. इंग्लिश खाडी पोहून जाणारी पहिली स्त्री, गर्ट्रूड एडर्ली, १९२६ साली पाण्यात उतरली तेव्हा तिच्या डोळ्यांवर कडा मेणाने बंद केलेला गॉगल होता. तासन् तास खाऱ्या पाण्यात डोळे उघडे ठेवणं शक्य नाही, हे तिला माहीत होतं. गॉगल आल्यावर तलावातल्या सरावाचे तासही वाढले, कारण तोवर खांद्याआधी डोळे थकायचे. दुसरं उदाहरण मायकेल फेल्प्सचं देतात. २००८ला बीजिंगमध्ये २०० मीटर बटरफ्लायला त्याच्या गॉगलमध्ये पाणी भरलं, शेवटी त्याला भिंत दिसत नव्हती, तरी स्ट्रोक मोजत त्याने १ मिनिट ५२.०३ सेकंदांचा विश्वविक्रम केला. बघा, न दिसता पोहता येतं! येतं, फेल्प्सला. चौथीतल्या, जेमतेम तरंगायला शिकलेल्या मुलाकडे मोजायला अजून स्ट्रोकच नाहीत.

खुल्या पाण्याचं आमच्या जयपूरकरांना अप्रूप, कारण ते उरलेलंच नाही. १९८२च्या आशियाई खेळांत नौकानयनाच्या शर्यती झाल्या तो रामगढचा तलाव पुढे कोरडा पडला. आमच्या डोंगरापलीकडे गलताजीच्या कुंडात मुलं उड्या मारतात, तेवढंच. तरी याच राजस्थानातल्या उदयपूरची भक्ती शर्मा २०१५ साली अंटार्क्टिकाच्या एक अंशाच्या पाण्यात सव्वादोन किलोमीटर पोहली. पुण्याच्या रोहन मोरेने २०१८मध्ये सात सागरी खाड्यांचं चक्र पूर्ण केलं. तेव्हा समुद्र आपल्यासाठी नाही असं मी कुणाला म्हणू देत नाही. स्वतः मालवणला जाते. तिथे चिवला किनाऱ्यावर दरवर्षी सागरी जलतरण स्पर्धा भरते, शाळकरी मुलांपासून ज्येष्ठांपर्यंत सगळे उतरतात.

आणि नंबरवाल्यांचा प्रश्न खरा टोकदार होतो तो तिथे. तलावात तळावरची काळी रेघ बोट धरून नेते, नजर अधू असली तरी निभावतं. समुद्रात रेघ नाही. दर काही हातांनी मान वर काढून लांबचा तरंगता फुगा शोधायचा असतो, तोही लाटेआड जात-येत असताना. साध्या गॉगलने मला फुगा तर सोडाच, सुरक्षेची होडीही दिसत नाही. नंबरचा गॉगल असेल तर दोन्ही दिसतात. तिथे काच रुंद हवी, ऊन चढल्यावर पोहायचं तर धुरकट किंवा चकाकी कापणारी, आणि धरमतर ते गेटवेसारख्या छत्तीस किलोमीटरच्या अंतराला अंधारात उतरणार असाल तर बिनरंगीच. पट्टा टोपीच्या आत घ्यावा, म्हणजे गर्दीत कुणाची लाथ बसली तरी गॉगल तळाला जात नाही. होडीत दुसरा जोड द्यावा, तोही नंबरचाच. काचेच्या आतल्या बाजूला बोट लावू नये, वाफ न धरण्याचा लेप त्यानेच जातो. गॉगल घालून खोल बुडी मारू नये हेही सांगते. त्यात नाक नसल्याने आतला दाब सारखा करता येत नाही आणि वाट्या डोळ्यांना ओढू लागतात. बुडीला नाक झाकणारा मास्क.

पण समुद्र राहू द्या, मागणी तलावापुरतीच आहे. चालकांनी छापील अर्जात दम्याच्या खाली एक ओळ घालावी: चष्मा आहे का, नंबर किती. मायनस दोन, चार आणि सहा असे दोन-दोन जोड काउंटरवर ठेवावेत आणि प्रत्येक वापरानंतर धुवावेत. अचूक नंबराची गरज नाही, जवळचा पुरतो, आणि सहा गॉगलांचा खर्च मुलांच्या फीपुढे नगण्य आहे. कोचने पहिल्या दिवशी नंबरवाल्या मुलांना आपल्या बाजूच्या कडेच्या लेनमध्ये घ्यावं आणि खुणांबरोबर तोंडानेही बोलावं. आईबापांनी चकाकत्या गॉगलचे पैसे नंबरच्या गॉगलवर घालावेत. जयपूर असो, पुणे असो, नाशिक असो, उन्हाळी वर्गांचे अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्ये छापायला जातात. ते छापखान्यात जायच्या आत आपापल्या तलावावर जाऊन ही ओळ मागून घ्या.