इंग्रजी शिकणाऱ्याने कोणाला हसावे?

भाईंदर किंवा मीरा रोड स्थानकातून बाहेर पडणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीस ज्या पाट्या हटकून पडतात, त्यांत अल्पावधीत अस्खलित इंग्रजी बोलावयास शिकविण्याची हमी देणारी एखादी पाटी असतेच. १९९१ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या आसपास असलेली या शहराची लोकसंख्या २०११ मध्ये आठ लाखांवर गेली. मिठागरे आणि कोळीवाडे यांच्या शेजारी इमारतींची दाटी झाली आणि मुंबईत घर न परवडणारा मराठी, गुजराती व हिंदी भाषक नोकरदार येथे येऊन स्थिरावला. २०२५ च्या जुलै महिन्यात मीरा रोडला आधी व्यापाऱ्यांचा आणि त्यापाठोपाठ मराठीच्या पाठीराख्यांचा असे दोन मोर्चे निघाले, आणि कोणी कोणाशी कोणत्या भाषेत बोलावे हा वाद राज्यभर गाजला. त्या वादाचा निवाडा येथे करावयाचा नाही. परंतु दोन्ही मोर्चांतील पालकांना एकत्र बसवून मुलांच्या भवितव्याविषयी विचारले असते, तर उत्तर बहुधा एकच आले असते : मुलाला इंग्रजी आले पाहिजे.

ही मागणी मोठी आहे आणि जेथे मागणी तेथे पुरवठा हा नियमच आहे. प्रश्न आहे तो पुरविल्या जाणाऱ्या मालाचा. मराठी माध्यमातून शिकून वाणिज्य शाखेची पदवी घेतलेल्या तरुणाला इंग्रजी येत नाही असे म्हणणे वस्तुतः खरे नाही. त्याने तीन वर्षे इंग्रजीतून उत्तरपत्रिका लिहिलेल्या असतात. ताळेबंद तो वाचतो, पत्राचा मसुदा करतो. त्याची जीभ अडते ती मुलाखतीच्या खोलीत, आणि तेथे त्याला अडविणारी गोष्ट व्याकरण ही नसते. आपल्या तोंडून चुकीचा शब्द किंवा गावरान उच्चार निघेल आणि समोरचा हसेल, ही धास्ती त्याला अडविते. पाट्यांवर जे विकले जाते ते या धास्तीवरील औषध होय. दुर्दैवाने, ठरावीक वाक्ये घोकून घेण्याच्या पद्धतीने ती धास्ती जात नाही. पुष्कळदा ती वाढतेच, कारण घोकलेल्या वाक्याबाहेर पाऊल पडले की विद्यार्थी पुन्हा उघडा पडतो.

या रोगावर एक उपाय असा आहे की तो सुचविणाऱ्यालाच लोक हसतील. तो म्हणजे शेरिडन, वाइल्ड आणि शॉ यांच्या इंग्रजी सुखात्मिका वाचणे. मोठ्याने, दोघाचौघांनी मिळून, पात्रे वाटून घेऊन वाचणे. शे-दोनशे वर्षांपूर्वीच्या लंडनमधील दिवाणखान्यांचा भाईंदरच्या पदवीधराशी संबंध काय, हा आक्षेप रास्त आहे. पण या नाटकांचा विषयच मुळी कोण कसे बोलतो, त्यावरून त्याची पायरी कशी ठरते आणि ती पायरी किती पोकळ असते, हा आहे.

शॉच्या ‘पिग्मॅलिअन’मधील एलायझा डूलिटल ही लंडनच्या रस्त्यावर फुले विकणारी मुलगी. तिला फुलांच्या दुकानात नोकरी हवी आहे, आणि तिच्या बोलण्यामुळे दुकानदार तिला उभी करीत नाहीत. म्हणून ती भाषाशास्त्रज्ञ हिगिन्सकडे फी देऊन शिकावयास येते. एका धड्याला एक शिलिंग ती देऊ करते, आणि फ्रेंच शिकविणाऱ्या फ्रेंच माणसापेक्षा हा दर कमी का असावा, याचे तिचे समर्थन ऐकण्यासारखे आहे : फ्रेंच परकी, ही तर तिचीच भाषा! हिगिन्सचा हिशेब त्याहून मार्मिक आहे. दिवसाला अडीच शिलिंग मिळविणाऱ्या मुलीने एक शिलिंग देणे म्हणजे उत्पन्नाचे दोन पंचमांश देणे होय. त्या प्रमाणात लक्षाधीशाला एका धड्यासाठी सुमारे साठ पौंड मोजावे लागतील, असे तो काढून दाखवितो. उत्पन्नाच्या प्रमाणात किमतीचा भार मोजण्याचा हा धडा अर्थशास्त्राच्या अनेक पाठ्यपुस्तकांत इतका स्वच्छ मिळत नाही. दिवसाला सहाशे रुपये मिळविणाऱ्या विक्रेतीने एका तासाच्या शिकवणीला दोनशे चाळीस रुपये मोजावेत, तसा हा प्रकार आहे. मीरा रोडच्या एखाद्या दुकानात उभ्याने दिवस काढून संध्याकाळी इंग्रजीच्या वर्गाला जाणाऱ्या मुलीला एलायझा परकी वाटण्याचे कारण नाही.

पुढे तिसऱ्या अंकात हिगिन्स आपल्या आईच्या घरी पाहुण्यांसमोर एलायझाला आणून बसवितो. तोवर तिचे उच्चार निर्दोष झालेले आहेत. त्या निर्दोष उच्चारांत ती सांगते काय, तर आपल्या मावशीच्या मृत्यूची हकीकत आणि तो घरच्यांनीच घडवून आणल्याचा संशय; आणि तेही मूळच्या रस्त्यावरच्या व्याकरणात. उच्चार म्हणजे भाषा नव्हे, ही गोष्ट सांगण्यासाठी व्याख्याने झोडता येतील. शॉने ती एका प्रवेशात दाखविली आहे. जो हा प्रवेश हसत वाचील, तो आपल्या उच्चाराची लाज पूर्वीइतकी बाळगणार नाही.

मराठी वाचकाला येथे एक मोठी सोय उपलब्ध आहे आणि तिचा उपयोग होत नाही याचे आश्चर्य वाटते. ‘पिग्मॅलिअन’ची गोष्ट त्याच्या घरचीच आहे. पु. ल. देशपांडे यांचे ‘ती फुलराणी’ १९७५ मध्ये रंगभूमीवर आले आणि भक्ती बर्वे यांची मंजुळा पाहिलेली पिढी अजून तिची आठवण काढते. परकी भाषा वाचताना सारा शीण खर्च होतो तो पुढे काय घडत आहे हे समजून घेण्यात. शब्दांकडे, वाक्याच्या वळणाकडे पाहावयास उसंत राहत नाही. कथानक आधीच ठाऊक असेल, तर वाचकाचे सारे लक्ष भाषेकडे मोकळे होते. मंजुळा आधी वाचावी आणि मग एलायझा. लंडनच्या बोलीतील फरक मुख्यतः वर्गाचा. मराठीत ‘ण’च्या जागी ‘न’ म्हणणाऱ्याला हसले जाते, तेव्हा त्या हसण्यात वर्गाबरोबर जात आणि मुलूखही दडलेले असतात. दोन्ही संहिता शेजारी ठेवल्या म्हणजे रूपांतरकाराला काय काय बदलावे लागले ते दिसते, आणि इंग्रजीबरोबर मराठीविषयीही काही उमगते.

ही वाट नवी नाही. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ लिहिले ते आर्थर मर्फीच्या १७६१ मधील ‘ऑल इन द राँग’ या इंग्रजी नाटकावरून. आणि मर्फीने ते बेतले होते मोलिएरच्या १६६० मधील फ्रेंच प्रहसनावरून. १९१६ मध्ये त्याचेच संगीत ‘संशयकल्लोळ’ होऊन गंधर्व मंडळीने ते गाजविले. पॅरिसचा संशयी नवरा लंडनमार्गे येऊन फाल्गुनराव झाला आणि असा मुरला की त्याचे कूळ विचारावयाचे कोणाला सुचत नाही. ज्याने ‘संशयकल्लोळ’ पाहिले आहे त्याला मर्फीचा सर जॉन रेस्टलेस भेटला तर चेहरा ओळखीचा वाटेल. आचार्य अत्रे यांची ‘मोरूची मावशी’ही अशीच ‘चार्लीज आन्ट’ या १८९२ मधील इंग्रजी प्रहसनावरून आलेली. तेव्हा इंग्रजी सुखात्मिकेचे दार मराठी माणसाला आतूनच उघडता येते. त्यासाठी बाहेर ताटकळण्याची गरज नाही.

ऑस्कर वाइल्डचे ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ लंडनला १४ फेब्रुवारी १८९५ रोजी प्रथम झाले. त्याच्या शीर्षकातच अर्नेस्ट हे नाव आणि ‘प्रामाणिक, गंभीर’ या अर्थाचे त्याच उच्चाराचे विशेषण यांवरील श्लेष आहे. तो कळला म्हणजे अर्धे नाटक कळले. वाइल्डची वाक्ये बहुधा छोटी, रेखीव व व्याकरणशुद्ध असतात. आजच्या चित्रपटांतील तुटक बोलीपेक्षा ती शिकणाऱ्यास सोपी जातात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. त्यात लेडी ब्रॅकनेल हातात वही-पेन्सिल घेऊन भावी जावयाची मुलाखत घेते. वय, उत्पन्न, ते जमिनीतून की गुंतवणुकीतून, शहरातले घर, राजकीय मत, आईवडील... नोकरीच्या मुलाखतीने ज्याच्या पोटात गोळा येतो, त्याने हा प्रवेश एकदा मोठ्याने वाचून पाहावा. प्रश्न विचारणाऱ्याचा रुबाब हाच तेथे विनोदाचा विषय आहे. याच नाटकात दोन तरुणी चहाच्या टेबलावर अत्यंत सभ्य भाषेत भांडतात. एकीने साखर नको म्हटल्यावर दुसरी तिच्या कपात चार खडे टाकते आणि लोणीपाव मागितल्यावर केक वाढते. इंग्रजी सौजन्याच्या शब्दांत कितपत विष मावते, हे कचेरीत इंग्रजी पत्रव्यवहार करणाऱ्यास ठाऊक असलेले बरे.

आणि एक विनोद तर असा आहे की तो इंग्रजापेक्षा भारतीय वाचकालाच अधिक कळावा. सेसिली या मुलीला तिची शिक्षिका मिस प्रिझम अर्थशास्त्राचे पुस्तक वाचावयास सांगते. मात्र रुपयाच्या घसरणीवरील प्रकरण गाळण्याची ताकीद देते, कारण ते तरुण मुलीच्या मनाला फार खळबळजनक! इंग्रज प्रेक्षक येथे हसतो आणि पुढे जातो. पण ही घसरण खरी होती. चांदीचा भाव कोसळल्याने १८७० च्या सुमारास जवळजवळ दोन शिलिंग किमतीचा रुपया वाइल्डचे नाटक रंगभूमीवर आले तेव्हा सव्वा शिलिंगाच्याही खाली गेला होता. १८९३ मध्ये हिंदुस्थानातील टांकसाळी चांदीच्या मुक्त नाणेपाडणीस बंद कराव्या लागल्या. पेन्शनी, व्याज व लंडनमधील इतर देणी सोन्याशी बांधलेल्या पौंडांत आणि रयतेचा सारा रुपयांत, त्यामुळे विनिमयाच्या प्रत्येक घसरणीचा बोजा अखेर येथल्या करदात्यावर येई. ज्या रात्री लंडनच्या प्रेक्षागृहात हे वाक्य प्रथम उच्चारले गेले, त्या काळात दादाभाई नौरोजी ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद होते आणि संपत्तीच्या अपहाराचा सिद्धान्त मांडीत होते. सेसिलीने गाळलेले प्रकरण ज्यांच्या पूर्वजांनी भोगले, त्यांनी या वाक्याला थोडे वेगळे हसावे, हे योग्यच आहे.

शेरिडनच्या ‘द रायव्हल्स’ या १७७५ मधील नाटकातील मिसेस मॅलाप्रॉप ही घरंदाज इंग्रज बाई. भारदस्त शब्द वापरण्याची तिला हौस आणि प्रत्येक वेळी शब्द भलताच. सुसरीला ती ‘अ‍ॅलिगेटर’ऐवजी ‘अ‍ॅलेगरी’, म्हणजे रूपककथा म्हणते. तिला हसावयाचे तर दोन्ही शब्द माहीत असावे लागतात. वाचक हसला की शब्द शिकला असे समजावे. आणि ही गल्लत करणारी बाई मराठी माध्यमातील नव्हे! इंग्रजी चुकणे ही इंग्रजांचीही जुनी परंपरा आहे, हे कळण्यात मोठा दिलासा आहे.

इंग्रज राज्यकर्त्यांच्या दिवाणखान्यातील करमणूक आपण का आपलीशी करावी, असे काही जण विचारतील. त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की मर्फी, गोल्डस्मिथ, शेरिडन, वाइल्ड आणि शॉ हे पाचही जण आयर्लंडचे. लंडनच्या उच्चभ्रू समाजाचे बोलणे त्यांनी बाहेरून आलेल्या माणसाच्या तिखट कानांनी ऐकले आणि त्याच समाजाला तिकीट काढून स्वतःवर हसावयास लावले. शिकणाऱ्याची जागाही तीच, जरा बाजूची, जेथून व्यंग अधिक स्पष्ट दिसते.

या उपायाला मर्यादा आहेत. वाइल्डच्या पात्रासारखे बोलणारा उमेदवार बँकेच्या मुलाखतीत विचित्र दिसेल. बग्गी, वारसाहक्क, पालकाच्या अनुमतीवाचून न होणारी लग्ने यांचा शब्दसंग्रह आज मृत आहे. शिवाय हे काम सहा आठवड्यांत होत नाही. एक नाटक नीट वाचून व्हावयास दोन-तीन महिने लागतात, आणि पहिल्या अंकात हसू क्वचितच येते. ज्याला पुढल्या सोमवारी मुलाखतीस जावयाचे आहे, त्याला हे सांगण्यात अर्थ नाही. शेक्सपिअरच्या सुखात्मिकांना तर शिकणाऱ्याने प्रारंभी हात लावू नये. तेथील विनोद टीपांतून शोधावा लागतो, आणि टीप वाचून आलेले हसू फार वेळ टिकत नाही.

खर्चाची बाजू मात्र निर्विवाद आहे. भारतीय कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांचे होते. वाइल्ड १९०० मध्ये गेला, शॉ १९५० मध्ये. २०११ पासून शॉची नाटकेही मुक्त झाली आहेत. कानाला सवय व्हावी म्हणून १९३८ चा ‘पिग्मॅलिअन’ आणि १९५२ चा वाइल्डच्या नाटकावरील चित्रपट हे दोन्ही उत्तम आहेत. मीरा रोडला आता लता मंगेशकरांच्या नावाचे नाट्यगृह आहे आणि शहरात महाविद्यालयेही आहेत. वार्षिक संमेलनात नाच-गाण्यांच्या रांगेत एखाद्या वर्षी एकच प्रवेश आधी मराठीतून आणि लगेच मुळातून, त्याच विद्यार्थ्यांनी केला, तर त्यांना जे इंग्रजी येईल ते पुसले जाणार नाही. पुलंच्या संहितेसाठी हक्कधारकांची परवानगी मागावी लागेल. शॉच्या संहितेला ती लागत नाही.