एल्व्हा मुक्त झाली
अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील एल्व्हा नदीवर १९१३ मध्ये विजेसाठी धरण उभे राहिले. १९२७ मध्ये दुसरे. माशांना वाट ठेवण्याचा कायदा होता, तो पाळलाच गेला नाही. अंडी घालण्यासाठी समुद्रातून परतणारा सॅमन भिंतीशी अडला आणि क्लालम या मूळनिवासी समाजाचे पवित्र उत्पत्तिस्थान जलाशयात बुडाले. ज्यांची नदी, त्यांना विचारले कोणी? १९९२ मध्ये नदी पूर्ववत करण्याचा कायदा झाला, तरी धरणे पूर्ण हटण्यास २०१४ उजाडले. घाई असते ती बांधतानाच! मधल्या काळात, २०१२ मध्ये, ते स्थान पुन्हा दृष्टीस पडले. उघड्या गाळावर स्थानिक वृक्षांची रोपे लावण्यात आली. काठची सावली पाणी थंड राखते आणि सॅमनला तेच हवे असते. २०२३ मध्ये क्लालमांनी मुक्त एल्व्हात पुन्हा विधिपूर्वक मासेमारी केली.