शून्य की एक?

प्रात्यक्षिकाच्या तासाला एका विद्यार्थिनीने साध्या लंबकावरून गुरुत्वीय त्वरण काढले. ते आले १०.९. तिने मोबाईलवर खरे मूल्य पाहिले, ९.८, आणि खोडरबर हातात घेतला. लंबकाची लांबी एक मीटर होती. त्याच्या वीस आंदोलनांना सुमारे ४०.१ सेकंद लागायला हवेत. तिच्या वहीत ३८.१ होते. मी म्हटले, "खोडू नकोस. पुन्हा मोजून दाखव." तिने गोळा सोडला आणि सोडतानाच म्हणाली, "एक!"

झाले! तिची वीस आंदोलने म्हणजे प्रत्यक्षात एकोणीसच होती. मोबाईलने तिला उत्तर दिले होते. तिचे उत्तर का चुकले, हे तिला मोजताना पाहिल्यावाचून कळणारे नव्हते.

विद्यार्थिमित्रांनो, सारे पडद्यावर मिळत असताना शिक्षक हवा कशाला, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. वर्षानुवर्षे आम्ही फळ्यावरून टिपणे उतरवून दिली, मीही दिली. ते काम यंत्राकडे गेले याचे मला दुःख नाही. कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या 'फेट' प्रकल्पातला लंबक चंद्रावर किंवा गुरूवर नेऊनही झुलवता येतो. माझ्या प्रयोगशाळेत हे कधी जमणार नाही! पण तेथे आवर्तकालही यंत्रच मोजून देते. मग 'एक' म्हणण्याची चूक होणार कशी, आणि सापडणार कशी?

२०२०-२१ साली कॉलेज बंद असताना प्रात्यक्षिके आम्ही पडद्यावरच उरकली. इलाज नव्हता. पुढे वर्ग भरले तेव्हा कित्येकांना व्हर्नियर कॅलिपर हातात धरता येत नव्हता. जर्नलमधली उत्तरे मात्र बिनचूक! आता इलाज असूनही काहींना तोच मार्ग सोयीचा वाटतो. दोरे तुटत नाहीत, गोळे हरवत नाहीत. माझा त्याला साफ विरोध आहे.

मोबाईलला नव्हे. जर्मनीतील आखेनच्या विद्यापीठाने २०१६ मध्ये काढलेल्या 'फायफॉक्स' या अ‍ॅपने मोबाईलच टांगून त्याचा आवर्तकाल मोजता येतो. त्यावरून त्वरण काढायचे तर लांबी आपल्यालाच मोजावी लागते. ती कोठपर्यंत मोजायची यावर वर्गात भांडण जुंपले, तर शिक्षकाने ते लगेच मिटवू नये.

त्या मुलीने शून्यापासून मोजले आणि उत्तर ९.८ च्या जवळ आले. मग तिने विचारले, "सर, स्टॉपवॉच दाबायला मला जो उशीर होतो, त्याचे काय?" त्या दिवशी दुसरा प्रयोग राहूनच गेला.