रोबोटला आज्ञा कोण देणार?

चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीचा डोंगर गुलालाने माखून निघतो. गावोगावच्या सासनकाठ्या जोतिबाच्या भेटीला येतात. क्रांतिबा जोतीराव फुले यांचे नाव याच जोतिबावरून ठेवले गेले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. यात्रेच्या आगेमागेच ११ एप्रिल आणि १४ एप्रिल हे आमचे दिवस येतात. डोंगराच्या पायथ्याच्या वस्त्यांवर निळे झेंडे लागतात, वर्गणी जमते, मिरवणूक निघते. मग सुट्टी लागते आणि मुले मोकळी होतात.

अशाच एका सुट्टीत, अशाच एका वस्तीच्या समाजमंदिरात आम्ही आठ मुलांना घेऊन बसलो. समोर एक किट होते. तळहाताएवढा एक बोर्ड, दोन पिवळ्या मोटारी, दोन चाके, दोन गोल डोळ्यांसारखा दिसणारा सेन्सर, सेलचा डबा, वायरी आणि मूठभर स्क्रू. किंमत दीड-दोन हजार रुपये. सोबतचे माहितीपुस्तक इंग्रजीत. ते बाजूला ठेवून आम्ही फळा घेतला आणि मराठीत सुरुवात केली.

पहिल्या दिवशी जुळणी झाली. मोटार बोर्डाला थेट का जोडायची नाही, असे एकाने विचारले. प्रश्न बरोबर होता. बोर्डातून निघणारी वीज अगदी थोडी, मोटारीला लागते तिच्या कितीतरी पट. म्हणून मध्ये आणखी एक छोटा बोर्ड लागतो. मुख्य बोर्डाने फक्त इशारा द्यायचा, ताकद सेलने पुरवायची. मुलांना हे पाच मिनिटांत समजले.

दुसऱ्या दिवशी बटण दाबले, तर गाडी पुढे जाईना. जागच्या जागी गरगर फिरू लागली. एक पोरगा ओरडला, "ह्येला लागीर झालंय!" सगळे हसले. सहावीतली एक मुलगी मात्र हसली नाही. ती गुडघ्यावर बसून चाकांकडे बघत राहिली. म्हणाली, "एक चाक फुडं जातंय, एक मागं." तिने एका मोटारीच्या दोन वायरींची अदलाबदल केली. गाडी सरळ धावली. लागीर उतरले. ना लिंबू लागले, ना अंगारा, ना कौल.

बांधवांनो, आम्हाला त्या किटची खरी किंमत तिथे कळली. बिघाड झाला तर त्याला कारण असते. कारण शोधता येते. कारण दूर केले की बिघाड जातो. तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी दुःखाबद्दल हेच सांगितले. नशीब, पूर्वजन्म आणि देवाची मर्जी या तीन खुंट्यांना आमच्या पिढ्या बांधून ठेवल्या गेल्या. त्या सोडवायला आम्ही शंभर भाषणे केली असतील. त्या मुलीने एका वायरीने ते काम केले.

तिसऱ्या दिवशी आज्ञा लिहायच्या होत्या. सेन्सर आपल्या कानांना ऐकू न येणारा आवाज सोडतो. तो समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर निघते, मात्र त्याचे निम्मे करायचे, कारण आवाज गेला आणि आला. हे गणित मुलांनी फळ्यावर केले. मग लिहिले: जर समोर वीस सेंटिमीटरच्या आत काही असेल, तर थांब, मागे ये, उजवीकडे वळ, नाहीतर पुढे जा. हे 'जर-तर' लॅपटॉपवर ठोकळे जोडून बोर्डात उतरवले. गाडी भिंतीपाशी जाऊन थांबली आणि वळली. टाळ्या पडल्या.

दारात एका मुलाचे वडील उभे होते. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत ते मोल्डिंगचे काम करतात. म्हणाले, "आमच्या कारखान्यात बी असला हात आलाय. धा मानसांचं काम एकटा करतोय." आम्ही विचारले, चालवतो कोण? "बाहेरनं इंजिनियर येत्यात."

या दोन वाक्यांत सगळा प्रश्न आहे. कोल्हापूरच्या फौंड्र्यांतला तप्त रस ओतणारे हात कष्टकऱ्यांचे, बहुजनांचे. यंत्र आले की आधी तेच हात रिकामे होणार. म्हणून यंत्रालाच विरोध करायचा का? बाबासाहेबांनी त्याचे उत्तर १९४५ सालीच 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात देऊन ठेवले आहे. यंत्र माणसाला पशूच्या जिण्यातून सोडवते, त्याला फुरसत देते, विचार करण्यास वाव देते. दोष यंत्राचा नाही. यंत्राचा फायदा मूठभरांच्या घशात घालणाऱ्या समाजरचनेचा आहे आणि बदलायची आहे ती रचना, असे ते सांगतात. त्याआधी १९३६ मध्ये त्यांनी बजावले होते की, जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. हात एकीकडे आणि डोके दुसरीकडे, हीच ती विभागणी. समाजमंदिरातल्या त्या मुलीने स्क्रूही पिळला आणि आज्ञाही लिहिली. मनूची वाटणी तिने तीन दिवसांत मोडली.

शेवटी एका मुलाने विचारले, "सर, ह्यो गटारात उतरंल का?" त्याचा चुलता सफाई कामगार आहे. आम्ही क्षणभर गप्प झालो. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा पहिला कायदा १९९३ चा, दुसरा २०१३ चा. तरी गटारात माणसे गुदमरून मरतातच. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई तीस लाख रुपये केली. पण केरळातल्या तरुण अभियंत्यांनी मॅनहोल साफ करणारा 'बँडिकूट' हा रोबोट बनवला आणि २०१८ पासून तो तिथे कामाला लागला. पूर्वी खाली उतरणारे सफाई कामगारच तो वरून चालवायला शिकले. त्या मुलाला आम्ही सांगितले, उतरेल. पण तो बनवण्याची गरज ज्यांच्या घरातली माणसे खाली उतरतात त्यांनाच जास्त कळते.

हे शिक्षण कोणाला मिळते आहे? शहरात रोबोटिक्सचे खासगी क्लास हजारो रुपये फी घेतात. नीती आयोगाने २०१६ पासून शाळांना वीस लाखांपर्यंत अनुदान देऊन अटल टिंकरिंग प्रयोगशाळा सुरू केल्या. त्या सहावी ते बारावीसाठी आहेत. आमच्या वस्तीवरची शाळा चौथीला संपते. २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत आणखी पन्नास हजार प्रयोगशाळांची घोषणा झाली. त्यातल्या किती आमच्या मुलांच्या शाळांत येतात, यावर पालकांनी आणि कार्यकर्त्यांनी आतापासून डोळा ठेवला पाहिजे. आलेली प्रयोगशाळा कुलूपबंद राहणार नाही, हेही पाहिले पाहिजे.

ही मागणी करण्याचा हक्क याच मातीने दिला आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखल्या, १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्वांना एका वर्गात बसवले. आज वर्ग एक आहे, पण किट एका पोराच्या हातात आणि दुसरा लांबून बघतोय. ही नवी वेगळी शाळाच नव्हे काय?

सरकारकडे मागत राहू. पण तोवर थांबायचे कशाला? जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेच्या पैशात किती किट येतील, याचा हिशेब प्रत्येक मंडळाने मांडावा. मिरवणूक जरूर काढा, पण वर्गणीतून दोन किट घ्या, समाजमंदिराची किल्ली रविवारी मुलांच्या हाती द्या. वस्तीत आयटीआय झालेला एक तरी तरुण असतोच, त्याला बसवा.

यंत्रे येणारच आहेत. ती सांगितलेले ऐकतात. सांगणाऱ्यांत आमची मुले असतील की नाही, एवढेच ठरायचे आहे आणि ते आपल्याला ठरवायचे आहे.

जयभीम!