औषध, गोदाम आणि हमालाची भाषा

औषध आणि विष यांत फरक असतो तो मात्रेचा, हे वाक्य आपण सर्वांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेले आहे. पण ऐकणे वेगळे आणि वजनकाट्यापाशी उभे राहून त्याचा अर्थ उमगणे वेगळे. हृदय थकले, त्याचा जोर कमी पडू लागला, म्हणजे डॉक्टर जी औषधे देतात त्यांत ‘डिगॉक्सिन’ हे एक जुने आणि स्वस्त औषध आहे. या औषधाची मूळ पावडर कशी हाताळावी, कशी साठवावी, हा विषय वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने का घ्यावा, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, औषध प्रयोगशाळेत जन्मते हे खरे. पण पुढे ते गोदामात राहते, ट्रकने जाते, साठावहीत चढते, त्याचा विमा उतरतो. हा सारा प्रदेश आमचा आहे.

प्रथम औषधाची ओळख करून घेऊ. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टराने १७८५ साली डिजिटॅलिस या झाडावर एक पुस्तक लिहिले. त्या झाडाच्या पानांनी सूज उतरते आणि मात्रा चुकली तर प्राणही जातो, या दोन्ही गोष्टी त्याला ठाऊक होत्या. पुढे १९३० साली त्याच कुळातल्या दुसऱ्या जातीच्या पानांतून डिगॉक्सिन शुद्ध रूपात वेगळे काढण्यात आले. २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतही त्याला स्थान आहे.

आता थोडा हिशेब. नेहमीच्या गोळीत डिगॉक्सिन असते फक्त ०.२५ मिलिग्रॅम. बाकी सारे पीठ-साखरेसारखे भरताड. म्हणजे शुद्ध पावडरीच्या एका ग्रॅममध्ये ४००० गोळ्या झाल्या आणि एका किलोत ४० लाख! गोळीतला थोडासा फरकही येथे चालत नाही. सन फार्मा या कंपनीचे एक संशोधन केंद्र आपल्या बडोद्यात आहे. तिच्या अमेरिकेतील कॅराको या उपकंपनीने मार्च २००९ मध्ये डिगॉक्सिनच्या गोळ्या बाजारातून परत मागविल्या. गोळ्यांचा आकार कमीजास्त निघण्याची शक्यता होती, म्हणजे आतील औषधही कमीजास्त. गोळीबाबत एवढी दक्षता, तर जो माणूस ती पावडर उघड्या डब्यातून काट्यावर ओततो, त्याच्याबाबत किती हवी?

या पावडरीला वास नाही. रंग पांढरा, दिसायला मैद्यासारखी. भय आहे ते तिच्या धुळीचे. ती नाकातोंडावाटे पोटात गेली की मळमळ, उलटी, दृष्टीला पिवळेपणा आणि नाडीचे ठोके बिघडणे, अशी लक्षणे दिसू शकतात. म्हणून नियम असे : वजन बंद पेटीत किंवा हवा ओढून घेणाऱ्या यंत्राखाली करावे, हातमोजे आणि योग्य मुखवटा असावा, सांडलेली पावडर कोरड्या झाडूने कधीही झाडू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी, अंगावरचे कपडे हवेच्या नळीने झटकू नयेत आणि धुण्यासाठी घरी नेऊ नयेत, कामाच्या जागी चहा, विडी, तंबाखू वर्ज्य. डबा घट्ट बंद, उजेडापासून दूर, कोरड्या जागी, कुलपात; आणि प्रत्येक ग्रॅमची नोंद वहीत.

हे नियम वाचताना कोणालाही वाटेल की यात अवघड ते काय? अवघड काहीच नाही. फक्त ते ज्याला पाळायचे आहेत, त्याला वाचता येत नाहीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत बडोद्याच्या एका गोदामात मी साठावही लिहायला जात असे. तेथे औषधी रसायनांचे डबे येत. डब्यावर कवटीचे चिन्ह आणि खाली बारीक इंग्रजीत दहा ओळी. सुरक्षिततेचे माहितीपत्रक होते, तेही इंग्रजीत, आणि ते होते साहेबांच्या कपाटात. डबे उचलणारे कोणी पंचमहालातले, कोणी खानदेशातले, कोणी बिहार-ओडिशाकडचे. त्यांतल्या एकाला मी विचारले, “काका, हे चित्र कशाचे?” तो म्हणाला, “विजेचा धोका असेल, डीपीवर असतेच ना!” आणि त्याच हातावर त्याने तंबाखू मळली. त्याचे काय चुकले? खांबावरच्या डीपीखेरीज ते चित्र त्याने कुठे पाहिले होते?

या माणसाला सांगायचे कसे? मला वाटते, त्याला ठाऊक असलेल्या शब्दाने. कण्हेर कोणाला माहीत नाही? पिवळ्या कण्हेरीची, म्हणजे बिट्टीची बी पोटात गेली तर माणूस दगावतो, हे आपल्याकडे शेंबडे पोरही जाणते. मराठीत कण्हेर, कानडीत कणगिले, गुजरातीत करेण, हिंदीत कनेर. कण्हेरीचे विष आणि डिगॉक्सिन एकाच कुळातले आहेत, दोन्हींचा मारा हृदयावर. इतके जवळचे, की डिगॉक्सिनवरचा प्रतिविषाचा उतारा पिवळ्या कण्हेरीच्या विषबाधेवरही लागू पडतो, असे श्रीलंकेतील रुग्णांवर केलेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. तेव्हा डब्यावर चार भाषांत एवढेच लिहा : “ही पावडर कण्हेरीसारखी विषारी आहे. धूळ उडवू नका. हात धुतल्याशिवाय तोंडाला लावू नका.” बारीक इंग्रजीतल्या दहा ओळींनी जे साधले नाही, ते या तीन वाक्यांनी साधेल.

कायदा या बाबतीत मुका नाही. कारखान्यातील सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावाव्यात, असे १९४८ च्या कारखाना कायद्यानेच सांगितले होते. १९८४ साली भोपाळ घडले आणि १९८७ मध्ये त्या कायद्यात भर पडली : धोक्याच्या कामाची माहिती कामगाराला देणे मालकावर बंधनकारक झाले. २०२० साली संमत झालेल्या नव्या संहितेनेही हे कर्तव्य कायम ठेवले आहे. पण दारावर एक फलक लावला की कायद्याचे समाधान होते. डबा उचलणाऱ्याला तो समजला की नाही, हे पाहायला कोण येतो?

आम्ही वाणिज्याचे विद्यार्थी विम्याच्या प्रकरणात ‘परम विश्वासाचे तत्त्व’ पाठ करतो. विमा उतरविणाऱ्याने मालाविषयीची प्रत्येक महत्त्वाची गोष्ट विमा कंपनीला सांगितलीच पाहिजे. लपविली तर करार रद्द होऊ शकतो. म्हणजे डब्यात विष आहे हे आपण विमा कंपनीला प्रामाणिकपणे सांगतो, कारण तिचे पैसे धोक्यात असतात. ज्याचा जीव धोक्यात असतो, त्या हमालाला मात्र सांगत नाही. परम विश्वास पैशापुरताच ठेवायचा काय?

दुसरी गोष्ट रिकाम्या पिंपांची. डिगॉक्सिन थोड्या वजनात येते. पण औषधी कारखान्यांची इतर रसायने मोठमोठ्या निळ्या पिंपांतून येतात. ती पिंपे भंगारात विकली की वहीत ‘किरकोळ उत्पन्न’ म्हणून रक्कम जमा होते. पुढे तेच पिंप कोणाच्या तरी दारात पिण्याच्या पाण्यासाठी उभे राहते! रसायनाने माखलेली पिंपे आणि पिशव्या घातक कचऱ्यात मोडतात, असे २०१६ चे नियम सांगतात. हिशेब लिहिणाऱ्याने ती नोंद करण्यापूर्वी एवढेच विचारावे, “पिंप कोणाला दिले? ते शुद्ध करून दिले का?” हा प्रश्न विचारायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही.

कोणी म्हणेल, कामगार आज येतो, उद्या जातो. किती भाषांत छापायचे? खर्च कोणी सोसायचा? पण मालाची किंमत पाहता चार भाषांतल्या कागदाचा खर्च तो कितीसा? आणि कामगार बदलत राहतो, हेच तर चिठ्ठी डब्यावर असण्याचे कारण आहे. तोंडी सांगितलेले जाणाऱ्याबरोबर निघून जाते. ज्याला अक्षरओळख नाही, त्याला मुकादमाने रोज सकाळी तेच तीन नियम मोठ्याने वाचून दाखवावेत.

बडोद्यासारख्या शहराला ही गोष्ट नवी वाटू नये. येथे सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढले. त्याचे पहिले प्रमुख प्रा. त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ. धंदेशिक्षण देशी भाषेतून द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्याच प्रेरणेने आणि कोटिभास्कर व अमीन यांच्या उद्योगाने १९०७ साली अलेंबिकची स्थापना झाली, आणि बडोदे औषधांचे गाव झाले. याच राज्याने १९३१ साली कारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश, ‘श्रीसयाजी शासनशब्दकल्पतरू’, छापून काढला. दरबारच्या कागदासाठी ज्या गावाने आठ भाषा मेळविल्या, त्याला विषाच्या डब्यासाठी चार भाषा जड व्हाव्यात?

माझी शाळा मराठी माध्यमाची, आजोळ कानडी, शेजार गुजराती. अशी दोन-तीन भाषांची शिदोरी आपल्या या अंकाच्या बहुतेक वाचकांजवळ आहे. तिचा उपयोग केवळ निबंधस्पर्धेपुरता नको. प्राध्यापक महाशयांना विनंती की, रसायन आणि वाणिज्य या दोन्ही विभागांनी मिळून हे काम हाती घ्यावे : एकेका धोक्याच्या पदार्थाचे एकपानी पत्रक, सोप्या मराठीत, कानडीत, गुजरातीत आणि हिंदीत. मजकूर रसायनाच्या प्राध्यापकांनी तपासावा, भाषा आपण घडवावी, आणि ज्या गोदामाचा दरवाजा उघडेल तेथे ते नेऊन द्यावे. उद्या आपल्यापैकीच कोणी त्या गोदामाचा व्यवस्थापक होईल, कोणी लेखापरीक्षक होईल. साठा बरोबर आहे एवढे पाहून त्याने सही करू नये. डबा उचलणाऱ्या माणसाला बोलावून त्याच्याच भाषेत विचारावे, “दादा, यात काय आहे?” त्याला नीट उत्तर देता आले, तरच माल सुरक्षित आहे असे लिहावे.