शेंगोळे आमचेच, पण वळणार कोण?

मंडळी, आजचा लेख थोडा चिडून लिहितो आहे. आमचे काही नातेवाईकही हे पान वाचतात. आपला उल्लेख कुठे आला आहे ते त्यांना लगेच कळेल. रागावू नये. रागावलात तरी शेवटपर्यंत वाचा, कारण या खटल्यात पहिला आरोपी मीच आहे.

झालं असं. दिवाळीला सगळे सेनगावला जमले होते. पुण्याची नात या वेळी आधीच सांगून आली, की ती आता व्हीगन झाली आहे. म्हणजे दूध नाही, दही नाही, तूप नाही. घरात एकदम काळजीचं वातावरण पसरलं. लाडू तुपातले, करंज्या तुपातल्या, चहा दुधाचा. मग पोरगी खाणार काय? एक काका म्हणाले, "उद्या कडबा टाका तिच्यापुढे." सगळे हसले. नात काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने स्वयंपाकघराचा ताबा घेतला. रात्री भिजत घातलेला राजमा, कांदा, लसूण, गाजर, टोमॅटो आणि बाजारातून आणलेला पास्ता यांचं दाटसर सूप केलं. त्यात सेलरी नावाची भाजी घालतात म्हणे. ती सेनगावात कुठून मिळणार? तिने कोथिंबिरीच्या काड्या बारीक चिरून घातल्या. सूप खरोखर चांगलं झालं होतं. कडब्याचा विनोद करणाऱ्या काकांनी दोन वाट्या घेतल्या.

आणि दुसरी वाटी संपवून तेच काका म्हणाले, "ह्यात विशेष ते काय? कडधान्य आणि कणकेचे तुकडे पाण्यात शिजवायचे. हे तर आपले शेंगोळे! आपली वरणफळं! आपल्याकडे शेकडो वर्षांपासून आहे हे." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. छाती थोडी फुगलीच.

नात म्हणाली, "हो? मग उद्या करा ना शेंगोळे. मला शिकायचेत."

यावर जी शांतता पसरली, तिच्याबद्दल हा लेख आहे.

घरात अठरा माणसं होती. त्यात शेंगोळे वळता येणारी एक, आमची सौ. आणि तिची बोटं गेली तीन वर्षं संधिवाताने आखडलेली आहेत. सुनांना येत नाहीत, लेकींना 'थोडे थोडे' येतात. पुरुषांना तर प्रश्न आपल्यासाठी आहे हेच कळलं नाही. माझ्या ताटात सत्तर वर्षं शेंगोळे वाढले गेले, पण मी एकदाही पिठाला हात लावलेला नव्हता.

आता माझं म्हणणं ऐका. "हे आमच्याकडे आधीपासूनच होतं" हे वाक्य आपल्या समाजाचं एक मोठं दुखणं झालं आहे. बाहेरचं काही चांगलं दिसलं की आपण ते वाक्य फेकतो आणि मोकळे होतो. ते खरं की खोटं हे पाहायचे कष्ट नाहीत, आणि खरं असेल तर ते टिकवायचे तर नाहीतच.

आधी खरंखोटं पाहू. नातीने केलं तसं सूप इटलीत होतं. 'पास्ता ए फाजोली' म्हणजे पास्ता आणि घेवडा. ते तिथल्या गोरगरिबांचं, शेतकऱ्यांचं खाणं. पण त्यातला घेवडा, राजमा आणि टोमॅटो हे सगळं अमेरिका खंडातून आलेलं, म्हणजे १४९२ नंतरचं. त्याआधी तिकडे चवळी खात. आणि आपण मिरवायची घाई करू नये. ज्या तिखटावाचून आपल्याला शेंगोळे फिके लागतात, ती मिरचीही त्याच अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली. इटलीच्या त्या आजीने आणि आपल्या आजीने एकच हुशारी केली. मांस परवडत नव्हतं, तेव्हा धान्य आणि कडधान्य एका भांड्यात आणलं. गहू-ज्वारीत लायसिन कमी, कडधान्यात ते भरपूर. कडधान्यात मेथिओनिन कमी, धान्यात ते पुरेसं. हे शास्त्र त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

फरक पुढे पडला. इटलीच्या लोकांनी गरिबाचं ते खाणं आपलं म्हणून पुढच्यांच्या ताटात वाढलं, आणि ते आज सेनगावच्या दुकानातल्या पाकिटापर्यंत पोचलं. आपण आपलं लपवलं. पाहुणा आला की शेंगोळ्याचं पातेलं झाकायचं आणि पनीर आणायला पोराला पळवायचं. लग्नाच्या पंगतीत कुणी शेंगोळे वाढलेले पाहिलेत का? मी तरी नाही.

त्या दिवशी मी हुलगे आणायला बाजारात गेलो. (पुण्याकडच्या वाचकांसाठी: हुलगे म्हणजे कुळीथ.) पहिल्या दुकानात पास्ता होता, सूपची पावडर होती, नूडल्स चार प्रकारचे होते. हुलगे नव्हते. दुसऱ्या दुकानदाराने विचारलं, "गुरुजी, जनावरासाठी पाहिजेत का?" तिसऱ्याकडे एका पोत्याच्या तळाशी मिळाले. गिरणीवाला म्हणाला, मधेच दळले तर पुढच्या माणसाचं पीठ काळपट होतं, म्हणून सगळ्यात शेवटी दळून देतो. तासभर बसून राहिलो.

जनावरासाठी का, हा प्रश्न मला लागला. त्याचं कारण जुनं आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका पोराच्या डब्यात थंड, घट्ट झालेले शेंगोळे होते. मी वर्गात पाठ सोडून इंग्रजीचं ज्ञान पाजळलं, की याला इंग्रजीत हॉर्स ग्राम म्हणतात, म्हणजे घोड्याचा हरभरा. वर्ग हसला. त्या पोराला पुढे दोन वर्षं सगळे 'घोडा' म्हणत. त्याने डब्यात पुन्हा शेंगोळे आणलेले मी पाहिले नाहीत. आपलं अन्न कुणी मारलं म्हणून आपण बाहेरच्यांकडे बोट दाखवतो. त्या पोराच्या डब्यातलं अन्न मीच मारलं, तेही मास्तर असताना.

शेताचीही गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या हिंगोली जिल्ह्यात आज जिकडे पाहाल तिकडे सोयाबीन, आणि पाणी असेल तिथे हळद. पूर्वी हलक्या, मुरमाड रानात, कमी पावसात हुलगे निभावून नेत. केंद्राच्या हमीभावाच्या यादीत कडधान्यं पाचच: तूर, मूग, उडीद, हरभरा आणि मसूर. हुलगा त्यात नाही. मग शेतकऱ्याने तो कशासाठी पेरावा? त्याला दोष देणाऱ्यांत मी नाही. पण ताटातून हाकलायचं, यादीत घ्यायचं नाही आणि मग अभिमान बाळगायचा, हे कसं चालेल?

आता नातीच्या व्हीगनपणाबद्दल. व्हीगन हा शब्द १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये तयार झाला, म्हणून तो परका, असं काका म्हणतात. महात्मा गांधींनी १९१२ मध्ये दूध सोडलं होतं. पुढे मोठ्या आजारपणात ते शेळीच्या दुधावर आले आणि ती टोचणी त्यांनी आत्मचरित्रात लपवली नाही. तेव्हा हा विचार आपल्याला इतका अनोळखी नाही. पण उलट बाजूनेही खोटं बोलू नये. "आमचे शेंगोळे मूळचेच व्हीगन" असं आता म्हणायला लागलेत सगळे. अहो, त्यात तूप नव्हतं ते तत्त्वासाठी नाही, घरात नव्हतं म्हणून. असतं तर माझ्या आईने वरून धार धरलीच असती. तिच्याकडे करडीचं तेल होतं, ते तिने घातलं. आईला निवड नव्हती, नातीला आहे आणि ती विचार करून निवडते आहे. आईच्या गरिबीचा मोठेपणा सांगून नातीच्या विचाराची टिंगल करायची, हे मला पटत नाही. (बी-१२ जीवनसत्त्व अशा जेवणातून मिळत नाही. ते ती वेगळं घेते. काळजी नसावी.)

तर तिसऱ्या दिवशी शेंगोळे झाले. सौ. पाटावर बसून सांगत होती, वळणारे आम्ही दोघं. कृती देतो, निदान लिहिलेली तरी राहील.

हुलग्याचं पीठ दोन वाट्या, ज्वारीचं अर्धी वाटी, कणीक पाव वाटी. त्यात वाटलेला लसूण, जिरं, तिखट, हळद, मीठ, कोथिंबीर आणि चमचाभर तेल. पीठ घट्ट मळायचं. तळहातावर करंगळीपेक्षा बारीक वळी करून टोकं जोडायची. पातेल्यात तेल तापवून मोहरी, जिरं, भरपूर ठेचलेला लसूण, हळद, काळा मसाला, मग सहा-सात वाट्या पाणी आणि मीठ. पाणी खळखळ उकळलं की शेंगोळे एकेक सोडायचे आणि लगेच ढवळायचं नाही. मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. शेवटी दोन चमचे पीठ पाण्यात कालवून लावलं की रस्सा दाट होतो. नातीने आपल्या मनाने मूठभर भिजवलेले अख्खे हुलगे कुकरमध्ये शिजवून पाण्यासकट त्यात घातले. सौ.ने चव घेतली आणि म्हणाली, "हे मला सुचायला पाहिजे होतं."

माझे पहिले शेंगोळे पाण्यात विरघळले. "अहो, पीठ सैल झालं," एवढंच ती म्हणाली. दुसरा घाणा जमला. माझ्या वळ्या वाकड्या होत्या, नातीच्या सारख्या.

वेळ कुणाला आहे, असं सुना म्हणतील. बरोबर आहे. हे सगळं आजवर बायकांच्या मनगटावर चाललं आणि अभिमान मात्र पुरुषांनी सांगितला. म्हणून माझी मागणी सुनांकडे नाहीच. ती काकांकडे, भाच्यांकडे, माझ्या भावांकडे आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१६ हे आंतरराष्ट्रीय कडधान्य वर्ष म्हणून पाळलं आणि पुढे १० फेब्रुवारी हा जागतिक कडधान्य दिन ठरला. येत्या १० फेब्रुवारीला प्रत्येक पुरुषाने आपल्या घरी स्वतःच्या हाताने शेंगोळे वळावेत आणि फोटो ग्रुपवर टाकावा. वाकडे चालतील. विरघळले तरी चालतील.

तोवर "हे आमच्याकडे होतंच" हे वाक्य आपल्या घरात बंद. काका, तुम्हाला हुलग्याचं पीठ हवं असेल तर माझ्याकडे किलोभर शिल्लक आहे. येऊन घेऊन जा.

असो. कळावे.