जुनी मोटार : डिझेल की पेट्रोल?

गेल्या महिन्यात बार्शीहून भाच्याचा फोन आला. त्याचे किराणा मालाचे घाऊक दुकान आहे. “मामा, दोन गाड्या पाहून ठेवल्या आहेत. दोन्ही स्विफ्ट, दोन्ही २०१८ च्या. एक पेट्रोलची, एक डिझेलची. डिझेलची घ्यावी म्हणतो, ॲव्हरेज चांगले पडते. तुम्ही एकदा आकडे पाहा.” उभे आयुष्य बँकेत इतरांचे ताळेबंद वाचण्यात गेले असल्याने असा आग्रह मला मोडवत नाही.

पेट्रोलची गाडी ११९७ सीसीची, ४८ हजार किलोमीटर चाललेली. मागणी साडेचार लाखांची. डिझेलची १२४८ सीसीची, ९२ हजार किलोमीटर चाललेली. मागणी चार लाख नव्वद हजारांची. म्हणजे दुप्पट धावूनही डिझेलची गाडी चाळीस हजारांनी महाग.

मी पहिला प्रश्न विचारला, “महिन्याला गाडी किती चालेल?” “दीड हजार किलोमीटर तर सहज, मामा.” ‘सहज’ हा शब्द कर्जाच्या अर्जात आला की बँकेचा माणूस सावध होतो. मी त्याला वसुलीची डायरी उघडायला सांगितली. सोलापूरच्या महिन्याला दोन खेपा, जाऊन-येऊन २८० किलोमीटर. लातूरची एक, २१० किलोमीटर. गावातील दुकान, शाळा, बाजार मिळून २००. बेरीज झाली ६९०. वर्षाचे साधारण ८,३००. त्यात लग्नकार्ये, प्रवास धरून फार तर १०,०००. दीड हजाराचा अंदाज निम्म्यावर आला.

आता इंधन पाहू. कंपनीच्या कागदावर या डिझेल गाडीचे ॲव्हरेज लिटरला २८.४ आणि पेट्रोलचे २२ किलोमीटर होते. प्रत्यक्षात गाव आणि महामार्ग मिळून २१ आणि १६ धरणे शहाणपणाचे. पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९१ रुपये लिटर धरले, तर पेट्रोलला किलोमीटरमागे साडेसहा रुपये पडतात, डिझेलला चार रुपये तेहतीस पैसे. फरक सव्वादोन रुपयांहून थोडा कमी. दहा हजार किलोमीटरवर वर्षाची बचत २१,७०० रुपये. “बघा मामा, दोन वर्षांत चाळीस हजार वसूल!” भाचा आनंदला. परंतु ही जमेची एकच बाजू झाली. नावे बाजू अजून लिहायची होती.

डिझेल गाडीचे तेल, फिल्टर व सर्व्हिसिंग यांचा जादा खर्च वर्षाला ५,००० धरला. वरच्या चाळीस हजारांवर ११ टक्क्यांनी व्याज ४,४००. लाखाच्या जवळ पोहोचलेल्या डिझेल इंजिनात इंजेक्टर, टर्बो, क्लच यांपैकी काहीतरी पाच वर्षांत खर्च मागणारच. त्यासाठी पेट्रोलपेक्षा साठ हजार जास्त राखून ठेवले, तर वर्षाला १२,०००. एकूण २१,४००. वर्षाची खरी बचत उरली तीनशे रुपये! तीही मोठी दुरुस्ती अंदाजातच निघाली तर.

या हिशेबात माझाही एक कडू अनुभव आहे. २०१२ साली पेट्रोल व डिझेल यांच्या भावात तीस रुपयांहून अधिक अंतर होते. त्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर होते आणि डिझेल ४१ च्या घरात. माझी शाखा घरापासून साठ किलोमीटरवर होती, म्हणून मी नवी डिझेल गाडी घेतली. ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने डिझेलचे दर नियंत्रणमुक्त केले. दरातील अंतर तत्पूर्वीच घटू लागले होते. त्याच वर्षी माझी बदली गावातल्याच शाखेत झाली. गाडी मग मंडईपर्यंत तीन किलोमीटर जाई आणि परत येई. डिझेल इंजिनाला असे छोटे फेरे मानवत नाहीत. ते पुरते तापत नाही, काजळी साचते. दोन वेळा गॅरेजचे मोठे बिल भरून अखेर गाडी पडत्या भावाने विकली. चूक गाडीची नव्हती. माझी गरज बदलली होती आणि मी हिशेब जुनाच धरून बसलो होतो.

पेट्रोलची बाजू अगदीच निर्दोष आहे असे नव्हे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. २०१८ च्या गाडीचे ॲव्हरेज त्याने काहीसे घटते आणि रबरी नळ्या तपासून घ्याव्या लागतात. याउलट, ज्यांचा औषधांचा वा कापडाचा फिरता व्यापार आहे आणि महिन्याला खरोखर दीड-दोन हजार किलोमीटर महामार्ग तुडवावा लागतो, त्यांना डिझेल आजही परवडते. मात्र एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम आले तेव्हा मारुतीने डिझेल इंजिने बंद केली. म्हणजे बाजारातील या कंपनीची प्रत्येक डिझेल गाडी त्याआधीची आहे. दिल्ली परिसरात डिझेल गाड्यांवर दहा वर्षांची मर्यादा आल्याने तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. ना-हरकत प्रमाणपत्र आणि इथला रस्ताकर यांचा खर्च मोजल्याशिवाय त्या स्वस्ताईला भुलू नये.

खरी काळजी मला वेगळीच वाटली. “पैसे कुठून देणार?” असे विचारल्यावर भाचा म्हणाला, “कॅश क्रेडिटमधून. व्याज कमी पडते.” मी त्याला तिथेच थांबविले. कॅश क्रेडिट हा दुकानाच्या मालाचा पैसा आहे. तो गाडीत अडकला, तर दिवाळीच्या खरेदीला व्यापाऱ्याचे हात बांधले जातात. मग उधारीवर महाग माल घ्यावा लागतो आणि गाडीच्या व्याजात वाचलेले त्यात जाते. गाडीसाठी मुदतीचे कर्ज घ्यावे, हप्ता ठरलेला असावा. प्रवासी मोटारीवर जीएसटीचा इनपुट क्रेडिट किराणा व्यापाऱ्याला मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे. धंद्यासाठी वापरल्यास घसारा मिळतो, तेवढाच आधार.

कागदपत्रांत कसूर नको. आरसी हस्तांतरासाठी फॉर्म २९ व ३०; गाडीवर कर्ज असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र व फॉर्म ३५. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावे करावा. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही. आणि सर्व्हिसिंगच्या नोंदी पाहून मीटरवरील आकड्याची खातरजमा आपल्याच मेकॅनिककडून करावी.

गेल्या रविवारी पुन्हा फोन आला. घासाघीस करून पेट्रोलची गाडी चार लाख पस्तीस हजारांना ठरली होती, कर्ज तीन वर्षांचे, आणि कॅश क्रेडिट खाते जसेच्या तसे. “मामा, दिवाळीचा माल यंदा रोखीने उचलतो,” तो म्हणाला. मी त्याला एवढेच सांगितले की गाडीच्या कप्प्यात एक वही ठेव आणि किलोमीटर लिहीत जा. पुढची गाडी घेताना ‘सहज’ म्हणावे लागणार नाही.